कानोसा : रेंडर केल्यावर टाळ कुठे जातात?

आवाज, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारी लेखिका मिरजेत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवते.

प्रश्न : ताई, आमच्या भजनी मंडळाचे अभंग मी घरच्या माडीवर रेकॉर्ड केले. आधी पखवाज आणि पेटी, मग गायक, शेवटी टाळ. रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो. मिक्स करताना हेडफोनवर टाळ लखलखीत वाजतात, धुम्याचा (पखवाजाच्या खर्जाच्या बाजूचा) घुमारा भरून येतो. मॉनिटरिंग एफएक्समध्ये हेडफोनच्या आवाजातला चढउतार सपाट करणारा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आहे. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा प्लगइन) आहे, सीलिंग (ती पातळी) उणे ०.१ डेसिबल. पण १२८ केबीपीएसची एमपीथ्री काढून मोबाइलवर ऐकली की सगळं दबतं, टाळ नुसते ‘छिस्स छिस्स’ करतात, आणि सगळे मिळून गजर धरतात तिथे आवाज फाटतो. रेंडर (एक्स्पोर्ट) करताना, म्हणजे मिक्सची फाइल काढताना, रीपर काही गाळतं का? मित्र म्हणतो, महागडं सॉफ्टवेअर घे, त्याचा आवाजच वेगळा. घेऊ का?
— वाचक, वाळवा

उत्तर : घेऊ नका. तेवढे पैसे असतील तर माडीच्या उघड्या भिंतींवर जाड गोधड्या टांगा, गादीवाल्याकडून कापूस भरलेल्या दोन उभ्या चौकटी करून घ्या. त्याचा फरक पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल. सॉफ्टवेअर बदलल्याचा येणार नाही. मिक्स करणं म्हणजे शेवटी आकड्यांची बेरीज. रीपर ती ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये करतं, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त बारकाईने. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दोन अधिक दोन वेगळे होत नाहीत.

तुमच्या पत्रात मला तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात : दबणं, छिस्स होणं आणि फाटणं. तिघींची कारणं वेगळी आहेत. तुम्ही तिघींना एका दोरीत बांधून दोष रेंडरच्या माथी मारलात, आणि बहुतेक लोक हेच करतात. म्हणून सगळ्यात आधी रेंडरवरचा आरोप खरा की खोटा, ते तपासू. याला मत लागत नाही, कानही लागत नाही. मीटर पुरतो.

सगळे ट्रॅक एका फोल्डर ट्रॅकमध्ये घाला. मास्टरवरचा लिमिटर उचलून त्या फोल्डर ट्रॅकवर ठेवा आणि मास्टर मोकळा करा. आता २४ बिट वेव्ह फाइल रेंडर करा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) प्रोजेक्टचाच ठेवा. एमपीथ्री अजून नाही. ती वेव्ह फाइल परत त्याच प्रोजेक्टमध्ये आणा. फोल्डरच्या बाहेर नवा ट्रॅक, फाइल बरोबर शून्यावर, फेडर शून्य डेसिबलवर. त्या ट्रॅकवरचं फेज उलटं करायचं बटण दाबा, शून्यावर तिरकी रेघ मारलेलं असतं ते, आणि प्ले करा. मूळ मिक्स आणि रेंडर तंतोतंत सारखे असतील तर अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. काहीही ऐकू येत नाही आणि मास्टरचा मीटर तळाशी पडून राहतो.

लिमिटर फोल्डरवर हलवायला सांगितलं त्याला कारण आहे. तो मास्टरवरच राहिला तर त्याच्याकडे दोन्ही आवाजांची वजाबाकी झाल्यावर उरलेलं येतं, त्या हलक्या पातळीला तो हातच लावत नाही. फाइल मात्र लिमिटरमधून गेलेली असते. मग जे शिल्लक ऐकू येतं ते लिमिटरने दाबलेलं असतं आणि तुम्ही पुन्हा रेंडरलाच दोष देता. आणखी एक खबरदारी : काही रिव्हर्ब आणि कोरस (आवाजाला घुमारा आणि जाडी देणारे इफेक्ट) प्रत्येक वेळी थोडे वेगळे फिरतात, त्यांच्या आत मुद्दाम ठेवलेली अनियमितता असते. ते या चाचणीपुरते बंद ठेवा, रेंडर करायच्या आधीच.

तुमच्याकडे मीटर तळाशी राहील अशी माझी जवळजवळ खात्री आहे. नाहीच राहिला, तर आधी रेंडरची खिडकी नीट वाचा. सोर्समध्ये ‘मास्टर मिक्स’च्या जागी निवडलेले ट्रॅक किंवा स्टेम्स (ट्रॅकच्या सुट्या फाइल्स) लागले आहेत का? चॅनेल चुकून मोनो आहे का? नॉर्मलाइझची खूण चालू राहिली आहे का? ती असेल तर रीपर स्वतःच पातळी वरखाली करतं आणि वजाबाकी जुळत नाही. हा शेवटचा प्रकार इतर सॉफ्टवेअरमध्येही आहे. गराजबँड तर ‘ऑटो नॉर्मलाइझ’ प्रेफरन्सेसमध्ये ठेवतं आणि लोक वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाहीत. सॅम्पलरमधला (आधी रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या प्लगइनमधला) तंबोरा वापरत असाल तर एक वेगळी भानगड संभवते. पूर्ण वेगाच्या ऑफलाइन रेंडरमध्ये डिस्कवरून आवाज उचलणारा एखादा सॅम्पलर मागे पडतो आणि मधलेच सूर गिळतो. अशा वेळी ‘ऑनलाइन रेंडर’ निवडा. चार मिनिटांच्या अभंगाला चार मिनिटं लागतील, चहा होतो तेवढ्यात.

आता दबण्याकडे येऊ. मॉनिटरिंग एफएक्समधला तुमचा प्लगइन फक्त तुमच्या कानांसाठी आहे. रीपर तो रेंडरमध्ये घालत नाही आणि घालायलाही नको. म्हणजे मिक्स करताना तुम्ही सपाट केलेला हेडफोन ऐकता, आणि तीच फाइल मोबाइलला तोच हेडफोन लावून ऐकली की प्लगइनशिवायचा. आवाज फाइलमधून गेलेला नाही, तुमच्या ऐकण्याच्या वाटेतून एक टप्पा गेला आहे. काँप्युटरवरच दुसऱ्या प्लेअरमध्ये ऐकलं तरी हेच होतं. शिवाय तिथे विंडोजचा स्वतःचा मिक्सर मध्ये येतो. रीपर एएसआयओ ड्रायव्हरने, म्हणजे विंडोजचा मिक्सर टाळून, थेट इंटरफेसशी (आवाज आत-बाहेर नेणाऱ्या यंत्राशी) बोलतं. साधा प्लेअर विंडोजमधून जातो, आणि तिथे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ चालू असतील तर पातळी, खर्ज, रुंदी असं काहीही बदलू शकतं. मोबाइलमध्ये डॉल्बी किंवा इक्वलायझर चालू असतो तो निराळाच. हे सगळं आधी बंद करा.

मग एक काम करा. तुम्हाला आवडणारं, नीट मास्टर झालेलं एखादं अभंगाचं रेकॉर्डिंग विकत घ्या. वेव्ह किंवा फ्लॅक मिळालं तर उत्तम. ते रीपरमध्ये तुमच्या मिक्सशेजारच्या ट्रॅकवर ठेवा आणि मोबाइलवरही टाका. दोन्हीकडे तुमचं आणि ते आलटून पालटून ऐका. मोबाइलवर तेही तितकंच दबत असेल तर मोबाइल तसाच आहे, मिक्सला हात लावू नका. ते उजळ राहिलं आणि तुमचंच दबलं, तर दोष मिक्समध्ये आहे आणि तो रेंडरच्या आधीपासून होता. ऐकताना दोन्हींची पातळी सारखी ठेवा, ही अट पाळाच. एखाद्या डेसिबलचा फरक कानाला मोठा आवाज म्हणून कळतच नाही, तो ‘जास्त स्वच्छ’ म्हणून कळतो. हळू आवाजात खर्ज आणि तार दोन्ही बाजू आपल्याला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे. निम्म्या ‘दबल्या’ फाइल्स फक्त हळू लावलेल्या असतात.

धुम्याचं म्हणाल तर साध्या मोबाइलच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्‌झच्या खाली फारसं काही बाहेर पडत नाही, आणि कणीक लावलेल्या धुम्याचा मूळ नाद त्याच्या बराच खाली असतो. तिथे खर्ज वाढवून काही मिळत नाही, नुसता लिमिटर जास्त दमतो. त्यापेक्षा धुम्याच्या ट्रॅकवर किंचित सॅच्युरेशन द्या. त्याने वरचे उपस्वर उठतात आणि मूळ नाद नसला तरी कान तो स्वतः भरून घेतो.

छिस्स होण्याला जबाबदार आहे १२८ केबीपीएस. तुमची चार मिनिटांची १६ बिट, ४४,१०० हर्ट्‌झची स्टिरिओ वेव्ह फाइल सुमारे ४२ एमबी होते. १२८ ची एमपीथ्री चार एमबीच्याही आतच. म्हणजे अकरातले दहा भाग टाकून द्यायचे आणि कुणाला कळू द्यायचं नाही, असं काम तुम्ही एन्कोडरला (एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामला) दिलंत. पेटी आणि गळा यांच्यात त्याला ते बऱ्यापैकी जमतं. टाळ हे त्याचं मरण आहे. एन्कोडर आवाज तुकड्या-तुकड्यांनी मोजतो. एमपीथ्रीची एक फ्रेम ११५२ सॅम्पलची, म्हणजे ४४,१०० ला सुमारे २६ मिलिसेकंदांची. टाळांचा आघात त्या तुकड्याच्या मध्यावर पडला तर त्याची चूक मागेपुढे पसरते आणि आघाताच्या *आधीच* एक फुसफुस ऐकू येते. त्यात १२८ ला बहुतेक एन्कोडर १६ हजार हर्ट्‌झच्या आसपास वरचं सगळं छाटून टाकतात. टाळांची लकाकी बरीचशी तिथेच राहते.

माझ्या स्टुडिओखाली तंबोऱ्याची जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून आणि तारेखालचा दोरा सरकवून झंकार जुळवणारे, कारागीर बसतात. त्यांच्यापैकी एकाला मी एकदा एकाच तंबोऱ्याच्या दोन फाइल्स न सांगता ऐकवल्या, एक वेव्ह आणि एक १२८ ची. ते म्हणाले, ‘दुसऱ्याचा दोरा सरकलाय.’ इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

तेव्हा ३२० काढा, आणि ती थेट वेव्हवरून काढा. आधीच्या एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री कधीच नाही. मंडळींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ करून पाठवलीत तर व्हॉट्सअ‍ॅप ती पुन्हा दाबतं आणि टाळांचे हाल दुप्पट होतात. ब्लूटूथच्या स्पीकरवर फाइलची परीक्षा घेऊ नका, तिथे जाता जाता आवाज आणखी एकदा दाबला जातो.

राहिलं फाटणं. तुमचा लिमिटर उणे ०.१ वर आहे, म्हणजे एकही *सॅम्पल* त्याच्या वर जात नाही. पण आवाज सॅम्पलच्या ठिपक्यांवर थांबत नाही. दोन ठिपक्यांच्या मधून लहर जाते आणि ती दोघांपेक्षा वर उठू शकते. एमपीथ्री उलगडताना तर ठिपकेच थोडे हलतात. मूळ फाइलमध्ये छताला टेकलेली लहर उलगडल्यावर शून्याच्या वर निघते आणि मोबाइल ती सरळ कापतो. गजरात पखवाज, टाळ आणि दहा गळे एकत्र आले की हे हटकून होतं. बिटरेट जितका कमी तितकं जास्त. उपाय साधा आहे : ‘ट्रू पीक’ मोजणारा लिमिटर घ्या आणि सीलिंग उणे १ डेसिबलवर ठेवा. युरोपातल्या प्रसारकांच्या आर१२८ या मानकातही कमाल ट्रू पीक उणे १ च आहे. लिमिटरमध्ये तेवढी सोय नसेल तर सीलिंग उणे १.५ ठेवून मोकळे व्हा.

रीपरच्या रेंडर खिडकीत ‘ड्राय रन’ असं एक बटण आहे. फाइल न लिहिता ते पीक (सर्वांत उंच पातळी), एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि क्लिप (आवाज कापला जाण्याच्या जागा) सगळं मोजून दाखवतं. रेंडर करण्याआधी ते दाबायची सवय लावा.

प्रश्न : इथल्या मराठी मंडळासाठी गणपतीचं गाणं केलं. यूट्यूबवर इतरांइतकंच मोठं वाजावं म्हणून लिमिटर चांगलाच दाबला, मीटरवर उणे ८ एलयूएफएस येतं. वर चढवल्यावर मात्र आवाज इतरांपेक्षा बारीक आणि चपटा वाटतो. यूट्यूब दर्जा कमी करतं का?
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : यूट्यूब दर्जा कमी करतं, फक्त तुमच्या गाण्याचा नव्हे, सगळ्यांचाच, कारण प्रत्येक व्हिडिओचा आवाज ते नव्याने दाबतं. पण तुम्हाला खुपतंय ते वेगळं आहे. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या वरचं सगळं खाली आणतं. तुम्ही उणे ८ दिलंत, त्यांनी सहा डेसिबल कापले. मोठेपणा गेला आणि तो मिळवण्यासाठी ढोलाच्या ज्या टिपऱ्या तुम्ही चिरडल्या होत्या त्या चिरडलेल्याच राहिल्या. शेजारचं उणे १३ चं गाणं जेमतेम एक डेसिबल खाली आलं, त्याच्या टिपऱ्या शाबूत, म्हणून ते जास्त जोरकस वाटतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे ‘कंटेंट लाउडनेस’समोर किती डेसिबल जास्त भरलंय ते लिहिलेलं असतं.

लिमिटर सैल करा. ढोल-ताशाच्या गाण्याला उणे १२ किंवा उणे १३ पुष्कळ झालं. हट्टाने उणे १४ गाठायचंही कारण नाही, तो आकडा देवाने दिलेला नाही.

आणि व्हिडिओ एडिटरकडे बघा. गाणं तुम्ही वेव्हमध्ये दिलंत तरी एडिटर निर्यात करताना आवाज १२८ वर आणत असेल, तर यूट्यूबला आधीच दाबलेला माल मिळतो आणि ते तो परत दाबतं. स्टिरिओ आवाजासाठी यूट्यूबचीच शिफारस ३८४ केबीपीएस एएसीची (एमपीथ्रीसारखाच दाबलेला एक प्रकार) आहे. एडिटरमध्ये ऑडिओ ‘पीसीएम’ (न दाबलेला) ठेवता येत असेल तर तेच करा.

प्रश्न : दशावताराच्या खेळाचं संगीत डिजिटल मिक्सरमधून ऑप्टिकल केबलने लॅपटॉपवर घेतलं. गाणी काळी एकची. एक्स्पोर्ट केल्यावर पेटीशी लावून बघितली तर सूर उतरलेला, आणि चक्रीमृदंगाची लयही मंदावल्यासारखी. आवाजही जाडसर झालाय. एक्स्पोर्ट पुन्हा वेगळ्या सेटिंगने करून बघू का?
— वाचक, कुडाळ

उत्तर : एक्स्पोर्टमध्ये काही नाही, चूक रेकॉर्डिंगच्या रात्रीच घडली. मिक्सर ४८,००० हर्ट्‌झवर चालत होता आणि सेकंदाला तेवढे सॅम्पल पाठवत होता. लॅपटॉपचं प्रोजेक्ट ४४,१०० वर होतं आणि त्याने फाइलवर तोच शिक्का मारला. आता वाजवताना सेकंदाला ४४,१०० च उचलले जातात, म्हणून सगळं संथ आणि खाली. हिशेब करून पाहा : सूर जवळजवळ दीड पट्टी उतरतो. काळी एकचं गाणं पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मध्ये कुठेतरी लटकतं, जिथे कुठल्याच पेटीला पट्टी नाही. चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं एकवीस सेकंदांचं झालं असेल. घड्याळ लावून तपासा, आकडा जुळला तर निदान पक्कं.

यावर पिच बदलणारा प्लगइन *लावू नका*. त्याने आवाज खरोखरच खराब होईल. रीसॅम्पलही करू नका. फाइलवरचा शिक्का तेवढा बदलायचा आहे. ऑडॅसिटीत फाइल उघडा, ट्रॅकच्या नावावरच्या मेनूत ‘रेट’मध्ये जाऊन ४८,००० निवडा. लय आणि सूर जागच्या जागी येतील, आणि एकही सॅम्पल बदललेलं नसेल. मग ४८,००० चीच वेव्ह काढा. पुढच्या खेळाला इंटरफेसचा क्लॉक ‘एक्स्टर्नल’ ठेवा, म्हणजे तो मिक्सरच्या ठेक्यावर चालेल, आणि प्रोजेक्टचा रेट मिक्सरशी जुळवून घ्या.

हे दोन आकडे असे अडनिडे का, असं कोकणातून बरेच जण विचारतात. ४४,१०० हा व्हिडिओ टेपचा वारसा आहे. डिजिटल आवाज सुरुवातीला व्हिडिओ टेपवर ठेवत. एका ओळीत तीन सॅम्पल, फील्डमध्ये (चित्राच्या अर्ध्या चौकटीत) २९४ वापरायच्या ओळी, सेकंदाला ५० फील्ड : गुणाकार ४४,१००. अमेरिकी पद्धतीत २४५ ओळी आणि ६० फील्ड, उत्तर तेच. १९८० मध्ये सोनी आणि फिलिप्सने सीडीचं मानक ठरवलं तेव्हा हाच आकडा सोबत आला. ४८,००० ही व्हिडिओवाल्यांची पसंती, म्हणून कार्यक्रमात वापरले जाणारे डिजिटल मिक्सर बहुधा तिथेच ठेवलेले असतात.

प्रश्न : ४४,१०० वर रेकॉर्ड केलेलं गाणं ९६,००० वर एक्स्पोर्ट केलं तर सुधारेल का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. फाइल मोठी होईल. रेट जो आहे तोच ठेवा, २४ बिट ठेवा. १६ बिट लागलंच, उदाहरणार्थ सीडीसाठी, तर अगदी शेवटच्या टप्प्यावर डिदर (बिट कमी करताना होणारी चूक झाकणारी अगदी बारीक खरखर) लावून एकदाच उतरवा.

प्रश्न : भैरवीच्या शेवटच्या समेवर तबला थांबतो आणि तंबोरा विरत जातो, असं मिक्स केलं आहे. एक्स्पोर्टमध्ये सम पडली की आवाज कात्रीने कापल्यासारखा बंद होतो.
— वाचक, सांगली

उत्तर : रेंडरची हद्द शेवटच्या क्लिपच्या टोकाला संपते आहे, आणि रिव्हर्बचा विरणारा भाग त्या टोकाच्या पुढे आहे. रीपरमध्ये ‘टेल’वर खूण करून सहा-सात हजार मिलिसेकंद द्या. इतर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्येही ‘टेल’ नावानेच हा पर्याय मिळेल. पण त्याने फक्त रिव्हर्ब वाचेल. तंबोऱ्याची क्लिपच समेवर संपत असेल तर ती उजवीकडे ओढून लांब करा आणि फेड स्वतःच्या हाताने काढा, आधी संथ आणि शेवटी भरभर उतरणारा. सरळ रेघेचा फेड तंबोऱ्याला शोभत नाही.